ऋण आल्यास शून्य

एकशे बारा नंबरच्या खुंटीच्या नोंदीत शून्यांची रांग लागली होती. शून्य, शून्य, शून्य, मध्येच एकदम ४३६९, आणि पुढे पुन्हा शून्यं. डॉ. केतकी बोकील यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडे तेच होते.

"मॅडम, ह्या ४३६९ वरच सगळं आहे," चौकशी समितीचे अध्यक्ष मोहरील म्हणाले. ते निवृत्त मुख्य अभियंता होते. चंद्रपूरच्या विश्रामगृहात त्यांच्यासमोर फायलींचा ढीग होता. "वेळ बघा. दुपारी दोन एकतीस. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही, कारण ऑपरेटरने हजाराच्या वरचे सगळे आकडे गाळायला लावले होते. तीन वाजता जमीन खाली गेली. तीन माणसं गेली."

नांदगूर हे गाव जुन्या कोळसा खाणीवर वसलेलं होतं. खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती, पण खालची भुयारं तशीच होती आणि पुनर्वसनाचा निर्णय लागत नव्हता. तोवर उपाय म्हणून सरकारने २०३६ साली घराघरापाशी खुंट्या रोवल्या. हातभर लांबीची एक नळी, तिच्या डोक्यावर बशीएवढा अँटेना. उपग्रहांच्या संदेशांवरून ही खुंटी आपली समुद्रसपाटीपासूनची उंची सेकंदाला एकदा, मिलिमीटरपर्यंत मोजत असे. पोकळीवरची जमीन खचण्याआधी तासभर तरी कापते, हा शोध काही वर्षांपूर्वी लागला होता. कापणं म्हणजे पाचसहा मिलिमीटर वर, पाचसहा खाली. माणसाच्या पायाला ते कळत नाही, पण आकड्यांत दिसतं. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजायचं. त्या पसाऱ्याला संख्याशास्त्रात व्हेरियन्स म्हणतात. तो पंचवीसच्या वर गेला की भोंगा.

खुंटी स्वस्त होती. तिच्यातली चिप चिमुकली होती आणि बॅटरी दहा वर्षं टिकायची होती, म्हणून ती साठ उंच्यांचा हिशेब जागच्या जागी करायची आणि मिनिटाला एकच आकडा नियंत्रण कक्षाकडे पाठवायची.

केतकीने मागच्या चार महिन्यांच्या नोंदी उघडल्या. ४३६९. खाली २१८४. पुन्हा ४३६९. एकदा ६५५३. पुन्हा २१८४. दुसऱ्या खुंट्यांवरही हेच तीन-चार आकडे. जमीन अशी वागत नाही. जमीन कधी तंतोतंत तोच आकडा पुन्हा देत नाही. तिने कागदावर २१८४ ला साठने गुणलं. दोनाचा सतरावा घात, अगदी जवळजवळ. दोनाच्या घातांत संगणक मोजतो. हे आकडे जमिनीतून आलेच नव्हते. चिपला जो अंक साठवता आला नाही, त्याची ती खरकटी होती.

"ऑपरेटरला बोलावू या?" मोहरीलांनी विचारलं.

रत्नाकर नगराळे आत आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. खुर्चीच्या कडेला बसला.

"हजाराच्या वरचे आकडे तुम्ही गाळले?"

"हो जी. मीच."

"का?"

"सायेब, एका महिन्यात अकरा वेळा भोंगा वाजला. अकराही वेळा खोटा. लोक पोरंसोरं घेऊन शाळेच्या मैदानात पयत. एक म्हातारी पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. मंग लोकं मले शिव्या द्याले लागले. सरपंच म्हणे, हे बंद कर नाहीतर खुंट्या उपटतो. मी वरच्या सायबाले फोन केला. ते म्हणाले, तू तिथं हायस, तूच पाहून घे."

"लेखी काही?"

"नाही जी. फोनवरच."

"ते साहेब म्हणतात, असा फोन झालाच नाही."

नगराळेने केतकीकडे पाहिलं. समितीतली आकडे समजणारी हीच, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

"मॅडम, मी रात्रंदिवस त्या पडद्यापुढं बसतो. जमीन हालत असली तर आकडा हळूहळू चढंन ना? दोन, पाच, नऊ, असा. शून्यावरून एकदम चार हजार कसा होईन? म्हणून मले वाटलं का मशीनच खराब हाय. मी चुकलो का?"

तो चुकला नव्हता. आयुष्यात संख्याशास्त्राचा एकही तास न बसता त्याने अगदी बरोबर ओळखलं होतं. केतकी म्हणाली, "मला नोंदी अजून नीट पाहायच्यात."

खोलीवर येऊन तिने खुंटीच्या चिपमधला प्रोग्रॅम मागवून घेतला. तीन हजार ओळी होत्या. बहुतेक कंपनीने लिहिलेल्या, पण हिशेबाचा भाग त्यांनी बाहेरून घेतला होता, जसा सगळेच घेतात. त्या भागाच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'मापनी, आवृत्ती १.४'. आणि खाली ती ओळ. 'ऋण आल्यास शून्य करावे. के. बो.'

के. बो. म्हणजे केतकी बोकील.

वीस वर्षांपूर्वी पुण्यात, एका संशोधन संस्थेत नोकरीला असताना तिने 'मापनी' लिहिली होती. सरासरी, मध्यक, पसारा, सहसंबंध, प्रत्येकासाठी एक क्लास. क्लास म्हणजे प्रोग्रॅमचा असा तयार ठोकळा, की एकदा घडवला की कोणीही उचलून आपल्या कामात बसवावा. त्या वेळी तिला ह्याचंच वेड होतं. तिचा 'पसारा' क्लास मागचे आकडे साठवून ठेवत नसे. आकडा आला की तो एका बेरजेत जायचा आणि त्याचा वर्ग दुसऱ्या बेरजेत. शेवटी दोन बेरजांवरून पसारा काढायचा. दोन संगणकांवरचे दोन पसारे नुसती बेरीज करून एक करता यायचे. आणि आकडे कोणत्याही जातीचे चालत, मोठ्या यंत्रावरचे सोळा अंकी अचूकतेचे किंवा छोट्या चिपवरचे सात अंकी. 'कोणत्याही संख्येसाठी', असं तिने माहितीपत्रकात ठळक अक्षरात लिहिलं होतं. त्याचा तिला फार अभिमान होता.

गोम त्या सात अंकांत होती. नांदगूरची उंची एकशे नव्वद मीटर, म्हणजे साधारण १९०३२४ मिलिमीटर. त्याचा वर्ग अकरा अंकी. चिप त्यातले पहिले सात अंक धरते, शेवटचे चार गळून पडतात. आणि जमिनीचं कापणं नेमकं त्या शेवटच्या अंकांत असतं. मग दोन प्रचंड बेरजा एकमेकींतून वजा करताना उरतो तो नुसता गाळ. कधी शून्य, कधी चार हजार आणि कधी उणे चार हजार.

पसारा उणे येऊच शकत नाही. वर्गांची सरासरी ती, शून्याखाली कशी जाईल? 'मापनी' बाहेर पडल्यावर वर्षभरात कोणा परदेशी विद्यार्थ्याचं पत्र आलं होतं की तुमचा पसारा ऋण येतो. केतकीने ते कामाच्या गर्दीत वाचलं, एक ओळ घातली आणि तक्रार बंद केली. शेजारच्या टेबलावर दिगंबर शेवडे बसायचे. 'मापनी'चा अर्धा भाग त्यांनी लिहिला होता. ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते.

"केतकी, ऋण आलं म्हणजे गणित ओरडतंय," ते म्हणाले होते. "तू त्याच्या तोंडात बोळा कोंबतेयस. दुसरी पद्धत वापर ना. सरासरी दर आकड्यागणिक सरकवत न्यायची आणि तिच्यापासूनचं अंतर मोजायचं. अंक गळणार नाहीत."

"त्यात दर आकड्याला एक भागाकार आहे, दिगंबरदादा. अडीच पट हळू होतं. वेगाच्या तक्त्यात आपण पहिल्या नंबरवर आहोत. पुढच्या आवृत्तीत करू."

पुढची आवृत्ती आली, तिच्यापुढच्याही आल्या. केतकीने पीएच.डी. केली, विद्यापीठात गेली, विभागप्रमुख झाली. आणि गेली पंधरा वर्षं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ती फळ्यावर लिहून सांगत होती की पसारा काढायची ही वर्गांची पद्धत संगणकावर कधीही वापरू नका, फसाल. दरवर्षी सांगत होती. एकदाही घरी येऊन तिने स्वतःची ती फाईल उघडली नव्हती.

तिने शेवड्यांना फोन लावला. ते आता साताऱ्याला असत.

"दादा, नांदगूर..."

"माहीत आहे," शेवडे म्हणाले. "बातमी वाचली त्याच दिवशी त्या खुंटीत काय वापरलंय ते मी शोधून काढलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"समितीवर तुझं नाव वाचलं. म्हटलं, तिलाच दिसेल. मी सांगितलं तर ती तुझ्याविरुद्ध तक्रार होईल. तू सांगितलंस तर तसं होणार नाही. मी वाट बघतोय, केतकी."

फोन ठेवल्यावर तिने ठरवलं की सकाळी सांगायचं. सकाळी मोहरील मसुदा घेऊनच आले. 'ऑपरेटरने अधिकार नसताना मर्यादा बदलल्याने इशारा मिळू शकला नाही.' सोबत जिल्हा कार्यालयातले दोघं होते, बाहेर वार्ताहर थांबले होते. मोहरील म्हणाले, "हा अंतरिम आहे. मॅडम, तुमच्या बाजूने आकड्यांत काही हरकत?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिला वाटलं, अजून मूळ उंच्या तपासायच्यात, पक्कं झाल्याशिवाय बोलणं शास्त्राला धरून नाही. हे कारण तिला इतकं पटकन सापडलं की ती स्वतःच चपापली.

"अंतरिम म्हणून ठीक आहे," ती म्हणाली आणि सही केली.

त्याच संध्याकाळी नगराळेला निलंबित केलं. दोन दिवसांनी अटक झाली.

पुण्याला परतल्यावर तिने खड्ड्यातून काढलेल्या खुंटीच्या स्मृतीत राहिलेल्या शेवटच्या दिवसाच्या मूळ उंच्या मिळवल्या आणि योग्य पद्धतीने हिशेब केला. चार ओळींचं काम होतं. पडद्यावर रेघ उमटली. सकाळभर ती दोन-तीनच्या आसपास सपाट होती. दीडनंतर चढायला लागली. पाच, नऊ, चौदा. नगराळे म्हणाला होता तशीच, हळूहळू. दोन वाजून तेरा मिनिटांनी तिने पंचवीस ओलांडले. जमीन गेली तीन वाजता. आणि समितीने ज्यावर बोट ठेवलं होतं तो दोन एकतीसचा ४३६९ हा निव्वळ योगायोग होता. आधीच्या अकरा खोट्या भोंग्यांसारखाच.

आता तर पक्कं झालं होतं. तरी ती आणखी नऊ दिवस गप्प राहिली. तास घेतले, उत्तरपत्रिका तपासल्या. एका मुलाने वर्गांची पद्धत वापरली होती. तिथे गुण कापायला तिचा हात उठेना, तिने तो पेपर बाजूला ठेवून दिला. तिच्या नवऱ्याने, सुधन्वाने, दोनदा विचारलं, "काय झालंय तुला?" दुसऱ्यांदा तिने सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "लोकांनी न तपासता वापरलं, त्यात तुझा काय दोष? फुकट दिलेली वस्तू आहे." त्याला तिचं मन हलकं करायचं होतं, पण ते ऐकताना तिला जाणवलं की गेले नऊ दिवस ती स्वतःशी हेच वाक्य बोलत होती. दुसऱ्याच्या तोंडून ते फार वाईट वाटलं.

दहाव्या दिवशी मोहरीलांचा फोन आला. दुसऱ्याच कामाचा होता, पण बोलता बोलता ते म्हणाले, "त्या नगराळेला जामीन मिळाला. गावात गेला तर लोकांनी बसस्टँडवर मारलं. डावा कान गेला म्हणतात. लोकांचाही राग समजू शकतो म्हणा."

"सर," केतकी म्हणाली, "मला समितीपुढे यायचंय. सदस्य म्हणून नाही, साक्षीदार म्हणून."

साक्ष चंद्रपूरला त्याच खोलीत झाली. तिने दोन्ही रेघा, खुंटीने पाठवलेल्या आकड्यांची आणि खऱ्या पसाऱ्याची, भिंतीवर दाखवल्या. शेवटचे चार अंक कसे गळतात ते फळ्यावर आकडे मांडून सांगितलं. ती ओळ वाचून दाखवली आणि के. बो. म्हणजे कोण तेही सांगितलं. नगराळे कोपऱ्यात बसला होता, कानावर पट्टी. उजवा कान पुढे करून ऐकत होता.

"अंतरिम अहवालावर सही केलीत तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?" मोहरीलांनी विचारलं. त्यांचा आवाज कोरडा झाला होता.

"हो. आदल्या रात्रीच कळलं होतं."

मोहरीलांनी पेन खाली ठेवलं. "बाई, प्रोग्रॅममधल्या चुकीसाठी कायद्याने तुमच्यावर काही येत नाही. वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वापरायचं, अशीच त्याची अट असते. पण ह्या सहीचं मी काय करू?"

"नोंदवा."

त्यांनी नोंदवलं. त्या नोंदीपायी पुढे तिचं विभागप्रमुखपद गेलं आणि सरकारी समित्यांची दारं बंद झाली. जेलमध्ये कोणी घातलं नाही. घातलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटायचं.

नगराळेवरचा ठपका निघाला. बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही चुकला नव्हता. आकडा हळूहळूच चढत होता. तो तुमच्यापर्यंत पोचला नाही."

नगराळे तिच्याकडे पाहत राहिला. "तुमी त्या दिवशी माह्या समोर बसल्या होत्या. मी तुमालेच इचारलं होतं."

"हो."

"तवाच हो म्हणाल्या असत्या तर..." त्याचा हात पट्टीकडे गेला आणि अर्ध्यावरून खाली आला. "जाऊ द्या. एक सांगा. हे तुमचं अजून कुठं कुठं लावलं हाय?"

पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणूनच तर तो ठोकळा घडवला होता. तो किती धरणांत, पुलांत, दवाखान्यांत, कोणत्या नावाने बसलाय, ह्याची यादी कुठेच नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मंग ते पाहा आधी," नगराळे म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तिने शेवड्यांना सोबत घेतलं. साताऱ्याहून ते फोनवर असत, ती पुण्यात. दुरुस्त आवृत्ती एका दिवसात तयार झाली, पण कोणाकोणाकडे जुनी आहे ते शोधायलाच वर्ष लागलं. पत्रं, फोन, कंपन्यांची टाळाटाळ. एका घाटातल्या दरडीच्या यंत्रणेत ती सापडली, एका शहराच्या पाण्याच्या टाक्यांत सापडली, नवजात बाळांच्या एका श्वासमापकात सापडली. तिथले आकडे लहान होते, सात अंकांत भागत होतं, बाळांना धोका नव्हता. तरी ते कळेपर्यंतचे तीन दिवस तिला अन्न गेलं नाही.

त्या वर्षात एक काम ती टाळत राहिली होती. जानेवारीत ते केलं.

मंदा पेटकर नांदगूरबाहेर पत्र्याच्या तात्पुरत्या वसाहतीत राहत होत्या. एकशे बारा नंबरची खुंटी त्यांच्या अंगणातली. त्यांचे यजमान भाऊराव दुसऱ्या एका खाणीत नोकरीला होते, निवृत्त झालेले. शेजारच्या शिंपी नवराबायकोबरोबर ते गेले. मंदाबाई त्या वेळी चक्कीवर दळायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

केतकीने आपण कोण ते सांगितलं. मंदाबाईंनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी बसल्या. बातमी त्यांनी ऐकली होती, पण मशीन बिघडलं होतं एवढंच त्यांना कळलं होतं.

"हापिसातले सायेब म्हणाले, ते तं एका झटक्यात झालं. कोणालेच कळू शकत नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरं हाय का?"

केतकीजवळ सोपं उत्तर होतं. तेच दिलं असतं तर त्या बाईला झोप आली असती. आणि खरं उत्तर द्यायचं तर ते कोणाच्या भल्यासाठी, हेही तिला कळेना. तिने खाली पाहिलं.

"नाही. कळू शकत होतं. सत्तेचाळीस मिनिटं आधी. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे."

बाहेर कोणीतरी हापशावर घागर भरत होतं.

"याइचा पाय दुखे," मंदाबाई म्हणाल्या. "तरी शाळेपर्यंत पंधरा मिनिटात गेले असते. काठी घेऊन." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "वरीसभर मी मनाले सांगत होती का त्याइले काही समजलंच नसंन. आता मले रोज ते सत्तेचाळीस मिनिटं दिसतीन."

"मी..."

"रडू नका. तुमी रडाल तं मी काय करू?" मंदाबाई उठल्या. आतून एक वही आणि पेन घेऊन आल्या. "लिहून द्या हे. हापिसात दाखवीन. ते म्हणतात कळू शकत नव्हतं, तं मी हा कागद दाखवीन."

केतकीने लिहिलं. तारीख, खुंटीचा नंबर, दोन वाजून तेरा मिनिटं, सत्तेचाळीस मिनिटं. प्रोग्रॅममध्ये चूक झाली आणि त्यामुळे इशारा मिळाला नाही. खाली नाव, पत्ता, सही.

मंदाबाई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. एका जागी बोट थांबलं.

"इथं 'चूक झाली' लिवलं," त्या म्हणाल्या. "कोणाकडून, ते नाही लिवलं."

केतकीने वही परत घेतली. ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मी चूक केली'. अक्षर वाकडं आलं. मंदाबाईंनी ते पुन्हा वाचलं आणि पान फाडून, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं.